सहा तासांचा हिशेब

पावसाळा सरून कृष्णेचे पाणी निवळले की वाईचे दिवस बदलू लागतात. ढोल्या गणपतीच्या घाटावर पर्यटकांची वर्दळ सुरू होते. सुरूर फाट्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग पसरणीच्या घाटाला लागते. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरची चहाची टपरी, मिसळीचे हॉटेल, रसवंती, गॅरेज, वरच्या अंगाचे स्ट्रॉबेरीचे मळे या साऱ्यांना एकाच वेळी हातांची गरज भासते. ती गरज पुष्कळदा चौदा, पंधरा, सोळा वर्षांची मुले भागवतात. कोणी सुट्टीपुरता येतो, कोणी शाळा सुटली म्हणून कायमचा. गल्ल्यावर बसलेला मालक त्याला नावाने क्वचितच हाक मारतो. ‘ए बारक्या’ एवढे संबोधन त्याला पुरते.

या बारक्याकडे पाहण्याच्या सुशिक्षित समाजाच्या दोन तऱ्हा आहेत. एक हळहळण्याची. चहाचा पेला हातात घेताना ‘अरेरे, काय हे वय काम करण्याचे!’ असे म्हणायचे आणि चहा संपला की गाडीत बसायचे. दुसरी तऱ्हा कौतुकाची. ‘बरे झाले, उनाडक्या करण्यापेक्षा हाताला वळण लागेल, दोन पैसे घरी जातील, कष्टाची लाज वाटणार नाही.’ दोन्ही उद्गार मनापासून निघतात, यात शंका नाही. परंतु हळहळणारा आणि कौतुक करणारा, दोघेही दोन साधे प्रश्न विचारायचे विसरतात. मुलाचे वय नेमके किती? आणि तो कामावर किती वाजता आला व किती वाजता घरी जाणार?

देशाचा कायदा नेमके हेच दोन प्रश्न विचारतो. त्याची उत्तरे कोणी देत नाही, कारण असा प्रश्न विचारणारा कायदा आहे हेच बहुतेकांना ठाऊक नाही.

कायद्याच्या तीन रेषा

सर्वसामान्य समजूत अशी की, मुलांना कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. ती अर्धी खरी आहे. १९८६ च्या अधिनियमात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही बदलून ते ‘बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम’ असे झाले. १ सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने तीन रेषा आखल्या.

पहिली रेषा चौदा वर्षांची. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. पूर्वी ही बंदी काही ठरावीक धंद्यांपुरती होती. घरकाम, धाबे, हॉटेले आणि चहाच्या टपऱ्या त्या यादीत १० ऑक्टोबर २००६ पासून आल्या. दहा वर्षांनी यादीची भाषा संपली व बंदी सरसकट झाली. अपवाद दोनच राहिले. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, निर्धोक कामात आईवडिलांना हातभार लावणे हा एक आणि चित्रपट, दूरदर्शन मालिका यांसारख्या दृक्‌श्राव्य करमणुकीतील बालकलाकार हा दुसरा. ही रेषा ओलांडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कारावास, वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय हा दखलपात्र गुन्हा आहे.

दुसरी रेषा धोक्याची. चौदा ते अठरा या वयाच्या मुलाला कायदा ‘किशोरवयीन’ म्हणतो. त्याला खाणीत, ज्वालाग्राही वा स्फोटक पदार्थांच्या कामात आणि घातक प्रक्रियांत कामाला लावणे गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा पहिल्या गुन्ह्याइतकीच आहे.

तिसरी रेषा मात्र फारशी कोणाच्या वाचनात येत नाही. धोक्याची कामे वगळता अन्य ठिकाणी किशोरवयीन मुलाला काम करण्यास मुभा आहे. पण ती अटींसह. सलग तीन तासांहून अधिक काम नाही. त्यानंतर निदान एक तास विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहत थांबण्याचा वेळ धरून सारा दिवस सहा तासांच्या आत संपला पाहिजे. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी काम नाही. जादा तास नाहीत. एकाच दिवशी दोन मालकांकडे काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि ती कोणत्या वारी, हे दुकानात ठळक जागी लिहून लावलेले. मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ यांची नोंदवही. आणि हे सारे कोणत्या ठिकाणी लागू? कायद्याच्या व्याख्येत दुकान, कार्यशाळा, निवासी हॉटेल, उपाहारगृह, नाट्यगृह ही नावे आहेत, आणि शेतही आहे.

या अटींचे गणित मांडून पाहावे. सकाळी आठला मुलगा आला, अकरापर्यंत त्याने काम केले, बारापर्यंत विसावला आणि दोन वाजता मोकळा झाला. प्रत्यक्ष काम जेमतेम पाच तासांचे. आता हे गणित वाईच्या रस्त्यावर लावून पाहावे. हॉटेलची भट्टी पहाटे पेटते. पर्यटकांची जेवणे रात्री दहा-अकरापर्यंत चालतात. स्ट्रॉबेरी नाजूक फळ; उन्हे चढण्याआधी तोडावे लागते, म्हणजे मळ्यातले काम उजाडताच सुरू. ज्या वेळी धंद्याला बारक्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी कायद्याने त्याला घरी असायला सांगितले आहे. मग कायदा पाळला जात नाही, यात नवल ते कोणते? आणि तो मोडल्याची शिक्षाही बेताचीच. तासांची मर्यादा ओलांडणाऱ्या मालकाला फार तर एक महिन्याची साधी कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एकाच गावातील दोन मुले

वाईला आणखी एक ओळख आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट चित्रपटसृष्टीला फार आवडतो. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) अशा चित्रपटांचे चित्रीकरण या परिसरात झाले. चित्रीकरणाचा ताफा उतरला की गावाला महिनाभर रोजगार मिळतो, आणि पडद्यावर दिसण्याची हौस असलेल्या मुलांना गर्दीत उभे राहण्याची संधी.

या कॅमेऱ्यासमोरच्या मुलासाठी २०१७ च्या नियमांनी काय तजवीज केली आहे, ती पाहण्यासारखी आहे. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण व्हायचे, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, आणि तीन तासांनंतर विश्रांती. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काळ काम नाही. दर पाच मुलांमागे त्यांची काळजी वाहणारी एक जबाबदार व्यक्ती. मुलाच्या स्वतःच्या संमतीवाचून काम नाही. आणि त्याच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्याच नावे बँकेत मुदत ठेवीत. नियम चांगले आहेत, आणि ते करणाऱ्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

परंतु त्याच ताफ्याला चहा पोहोचवणारा पंधरा वर्षांचा मुलगा घ्यावा. कायद्याने त्यालाही प्रत्यक्ष कामाचे पाचच तास दिले आहेत. दोघांचे तास सारखे, गाव एक, घाट एक. फरक एवढाच की, पहिल्याच्या पाच तासांना परवानगीचा कागद आहे, देखरेखीला माणूस आहे, पैशाला बँकेतले खाते आहे. दुसऱ्याच्या पाच तासांना कायद्याच्या पुस्तकातील दोन ओळींखेरीज काहीही नाही. त्याची मजुरी किती, ती कोणाच्या हातात पडते, हे विचारणारा कोणी नाही. वास्तविक २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलाला कामासाठी वेठीला धरणाऱ्या, त्याची मिळकत अडकवून ठेवणाऱ्या किंवा ती स्वतःसाठी वापरणाऱ्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड सांगितला आहे. ‘पगार तुझ्या खात्यात जमा आहे, जाताना देईन’ असे सहज सांगणाऱ्या मालकांपैकी किती जणांना हे कलम ठाऊक असेल?

तासांसाठी झालेला झगडा

कामाच्या तासांचा हा आग्रह म्हणजे पाश्चात्त्यांनी लादलेले खूळ आहे, अशी शंका काही सज्जनांच्या मनात असते. ही शंका जुनी आहे, आणि तिला कारणही होते. १८८१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा केला, तेव्हा सात वर्षांखालील मुलांना गिरणीत घेण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली गेली. त्यामागे मँचेस्टर-लँकशायरच्या गिरणीमालकांचा हात आहे, मुंबईची गिरणी महाग पडावी हा त्यांचा डाव आहे, असे त्या वेळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी ठासून सांगितले. त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण आज दूरवरून पाहताना दुसरी बाजूही दिसते. हेतू परक्याचा असेल, मात्र नऊ तास यंत्रापुढे उभे राहणारे सात वर्षांचे मूल आपले होते.

हे ओळखणारा माणूस याच भूमीत निघाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवले, आणि आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज पंधरा वर्षांच्या मुलाला कायद्याने जी साप्ताहिक सुट्टी दिली आहे, तिचे मूळ लंडनमध्ये शोधण्याचे कारण नाही. ते परळ-भायखळ्यात आहे.

त्यानंतरचा प्रवास पायरीपायरीने झाला. १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. स्वतंत्र भारताने १९४८ साली कारखान्यातील किमान वय चौदा केले, कोवळ्या मुलांना साडेचार तासांची मर्यादा घातली आणि किशोरवयीन मुलाला डॉक्टरचा दाखला असल्याखेरीज कारखान्यात घेऊ नये असे ठरविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा तो अधिनियम त्यांत सामावला गेला. बाल व किशोरवयीन कामगारांचा अधिनियम मात्र आजही स्वतंत्रपणे उभा आहे. नऊ तासांपासून सहा तासांपर्यंत येण्यास या देशाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. जे एवढ्या सायासाने मिळाले, ते गल्ल्यावर बसून एका दिवसात गमावण्याचा अधिकार कोणाला आहे?

कर्मवीरांचा धडा

श्रमाचा संस्कार लहानपणीच झाला पाहिजे, हे म्हणणे खोटे नाही. सातारा जिल्ह्याला तर ते कोणी शिकवण्याची गरजच नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह चालविले, आणि ‘कमवा आणि शिका’ या दोन शब्दांवर बहुजन समाजाच्या पिढ्या उभ्या केल्या. वसतिगृहातील मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, अंगमेहनतीची कामे करीत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. हा इतिहास प्रत्येक सातारकराला अभिमानाने सांगता येतो.

आज किशोरवयीन मुलाला कामाला ठेवणारा प्रत्येक जण या परंपरेचा आधार घेतो. तो घेण्यापूर्वी त्याने कर्मवीरांचे गणित नीट पाहावे. त्यांच्याकडे मुलगा राबत होता तो शिकता यावे म्हणून. त्याच्या श्रमाचे फळ त्याच्याच ताटात आणि त्याच्याच पुस्तकात उतरत होते. कामाचे तास शाळेच्या तासांना वाट देत होते, आणि संध्याकाळी दिव्याखाली मुलगा पुस्तक उघडून बसला आहे की नाही, हे पाहणारा एक बापासारखा माणूस तेथे होता. ‘कमवा आणि शिका’ यातील ‘शिका’ गाळले की उरते केवळ ‘कमवा’. आणि तेही दुसऱ्यासाठी. त्याला कर्मवीरांचे नाव लावणे हा त्यांचा अपमान आहे.

कायद्याने हा भेद ओळखला आहे, हे विशेष. तासांच्या, साप्ताहिक सुट्टीच्या व निरीक्षकाला कळविण्याच्या अटींतून त्याने दोन ठिकाणे वगळली आहेत. एक, जेथे मालक स्वतःच्या कुटुंबाच्या साह्याने काम करतो ते घरचे ठिकाण. आणि दुसरे, शासनमान्य शाळा. घर आणि शाळा, जेथे मुलाकडून काम करून घेणाऱ्याला मुलाच्या भल्याची चाड असते असे समाज मानतो, तेथे कायदा घड्याळ घेऊन उभा राहत नाही. अन्यत्र राहतो. सामान्य माणसाचा व्यवहारही असाच असतो.

वाईचा स्वतःचा दाखलाही कमी बोलका नाही. खानदेशातील पिंपळनेरचा एक मुलगा कोवळ्या वयात घर सोडून वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आला. गावाने त्याच्या हाती पोथी दिली. पुढे तोच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाला, आणि मराठी विश्वकोशाचे कार्य वाईतच मांडून बसला. परगावच्या मुलाला आश्रय देण्याची या गावाची ही रीत आहे. आज दूरच्या वाडीवरून वाईत येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती फडके द्यायचे झालेच, तर उरलेल्या वेळात पुस्तक धरायला तो हात मोकळा राहील, एवढे पाहणे या गावाला जड जाऊ नये.

फडावरचा न मोजलेला हात

हॉटेलातला मुलगा निदान डोळ्यांना दिसतो. कृष्णाकाठच्या उसाच्या फडातला दिसत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आईबापांबरोबर आलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी खोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, मोळ्या बांधते, वाढे गोळा करते. हिशेबात तिचे नाव कोठेही नसते, कारण हिशेब कोयत्याचा आहे. आणि कोयता पूर्ण व्हावा म्हणून मुलीचे लग्न वेळेआधी उरकण्याची अनिष्ट चाल याच हिशेबातून वाढली.

हे ‘घरच्या कामात हातभार’ या अपवादात बसते काय? शब्दांत कोणी बसवू पाहीलही. पण जेथे कामाचा वेग उचलीने ठरतो आणि कामाची जागा मुकादम ठरवतो, ते काम घरचे नव्हे. मुलांचे श्रम आईबापांनी गहाण टाकण्याचा करार रद्दबातल होय, असे या देशात १९३३ सालच्या कायद्यानेच ठरविले होते. तो करार आता कागदावर होत नाही, एवढेच. १९९० नंतरच्या काळात साखरशाळा निघाल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृह योजना आणली. दिशा योग्य आहे. परंतु फडावर आलेले मूल ज्या गावाच्या शिवारात सहा महिने राहते, त्या गावाच्या शाळेने त्याला आपले मानले पाहिजे. तीस दिवस विनासूचना गैरहजर राहणाऱ्या मुलाची खबर मुख्याध्यापकाने संबंधित अधिकाऱ्याला द्यावी, असे २०१७ चे नियम सांगतात. पाठवणाऱ्या गावाने ती खबर द्यावी आणि घेणाऱ्या गावाने मुलाला वर्गात बसवावे, म्हणजे साखळी पुरी होईल.

आक्षेप आणि उत्तरे

हॉटेलमालकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण तो बहुधा दुष्ट नसतो. पुष्कळदा तोही असाच बशा विसळून मोठा झालेला असतो. तो म्हणतो, ‘मुलाचा बाप व्यसनी, आई आजारी, मी कामावर घेतले नसते तर पोर उपाशी राहिले असते.’ हे खरे असू शकते. पण उपाशी पोराला पाच तास काम देऊनही जेवू घालता येते. त्यासाठी चौदा तास लागत नाहीत. मुलाला दयेपोटी ठेवले असेल, तर ती दया तासांतच दिसायला हवी.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. ‘लहान वयात हात बसतो, मोठेपणी फिटरची विद्या येत नाही.’ यातही तथ्य आहे. पण त्यासाठी सरळ वाट उपलब्ध आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, धोकादायक उद्योग वगळता, रीतसर करार करून विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून घेता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जर्मनीने कारागिरीत जगाला मागे टाकले, ते मुलांना पहाटे भट्टीवर बसवून नव्हे. तेथे किशोरवयीन शिकाऊ मुलगा व्यवसायशाळेत जितका वेळ बसतो, तो वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरला जातो. शिकणे हाही कामाचाच भाग, हे तत्त्व विश्वकर्म्याला पूजणाऱ्या या देशाला परके वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप वास्तवाचा. ‘शाळेत मन लागत नाही, घरी ठेवले तर मोबाईल आणि टोळकी.’ हा आक्षेप मालकापेक्षा पालकच अधिक घेतात. त्याला एकच उत्तर आहे. मुलाला काम द्यावे. पण काम त्याला घडवील एवढेच द्यावे, झिजवील एवढे नव्हे. कायद्याने सहा तास ठरवताना दुसरे काय केले आहे?

चार वर्षांची पोकळी

दोष मात्र कायद्यातही आहे, आणि तो झाकता कामा नये. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयापुरता आहे. चौदा पूर्ण झाले की शाळेची कायदेशीर जबाबदारी संपते. आणि त्याच वाढदिवशी कामगार कायद्याचा दरवाजा अर्धा उघडतो. प्रौढत्व येते अठराव्या वर्षी. मधली चार वर्षे मुलगा कोणाचा? शाळेचा नाही, कारखान्याचा पुरता नाही, आणि मतदार नसल्याने पुढाऱ्याचाही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वयापर्यंतच्या सर्वांना शिक्षण मिळावे हे ध्येय ठेवले. पण ध्येय म्हणजे हक्क नव्हे.

या पोकळीवरचा एक उपाय सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सुचविला होता. शिवकाशीच्या आगपेटी व फटाक्यांच्या उद्योगातील मुलांविषयी एम. सी. मेहता यांनी नेलेल्या दाव्यात १० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत, असे त्यात ठरले. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आहे. त्यातील दुसरा आदेश विसरला गेला. धोका नसलेल्या कामांत मुलाचे तास चार ते सहांपेक्षा अधिक नसावेत, त्याला रोज निदान दोन तास शिक्षण मिळावे, आणि त्या शिक्षणाचा सारा खर्च मालकाने करावा, असे न्यायालयाने सांगितले होते. पुढे चौदाखालील मुलांना सरसकट बंदी आली, त्यामुळे तो आदेश ज्यांच्यासाठी होता ती मुले कामाबाहेर काढण्यात आली. चौदा ते अठरांच्या वाट्याला सहा तासांची मर्यादा आली; दोन तासांचे शिक्षण मात्र आले नाही. ते यावयास हवे. किशोरवयीन मुलाला कामावर ठेवणाऱ्याने त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली पाहिजे, असे एक कलम जोडले गेले तर कायदा पूर्ण होईल, आणि ‘कमवा आणि शिका’ हे कर्मवीरांचे ब्रीद कायद्याच्या भाषेत उतरेल.

आरंभ स्वतःपासून

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. निरीक्षक प्रत्येक टपरीवर उभा राहू शकत नाही. समाज राहू शकतो. व्यापारी मित्रमंडळाच्या बैठकीत हा विषय एकदा निघाला, दुकानात अठराखालील मुलगा असेल तर त्याच्या तासांची आणि सुट्टीची पाटी लावायची असे ठरले, मजुरी मुलाच्याच बँक खात्यात जमा करायची रीत पडली, तर सरकारी खात्याचा एक पैसाही खर्च न होता अर्धे काम होईल. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला दहावीला बसवण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मालकाला आणि पालकाला ते सांगणारा कोणी हवा. संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवणे हे तर कोणत्याही गावातील चार निवृत्त शिक्षकांना सहज जमणारे काम आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो पाठ असावा.

आणि सर्वांत अवघड प्रश्न घरचा. कायद्याने दुकान, हॉटेल, शेत यांची नावे घेतली; पण तासांच्या अटींसाठी केलेल्या त्या यादीत खाजगी घराचे नाव घातलेले नाही. कामवाल्या बाई आजारी पडल्या की त्यांच्या ‘बदली’ म्हणून येणारी पंधरा वर्षांची मुलगी किती सुसंस्कृत घरांत भांडी घासते, हे त्या त्या घरातील गृहिणींनाच माहीत. आठवडाभराची बदली महिन्याची होते, महिन्याची वर्षाची, आणि एक दिवस ती मुलगी शाळेत जात नाही हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. या घरांत त्याच वयाची स्वतःची मुलगी पलीकडच्या खोलीत दहावीचा अभ्यास करीत असते. तेथे निरीक्षक येणार नाही, नोंदवही नाही, दंड नाही. तेथे केवळ एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांनीच विचारायचा आहे: ‘बाळ, तुझी शाळा किती वाजता असते?’

त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून जे घर आपली भांडी त्या वेळेनुसार घासून घेईल, त्या घराने हा कायदा पाळला असे म्हणता येईल.